लगाम हाती घेण्यापूर्वी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अकोल्यात आमच्या मावसभावाच्या मुलाचे लग्न होते. मंगल कार्यालयात बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची प्रतिमा सजवलेली, पांढऱ्या साडीतली वधू मैत्रिणींच्या घोळक्यात बसलेली, आणि वरात मात्र अजून चौकातच. दुपारचे साडेबारा वाजले होते. डांबर चपलेला चिकटत होते. डीजेच्या गाडीमागे नवरदेव घोडीवर बसला होता. त्याच्या पुढ्यात चार वर्षांचा पुतण्या आणि डोक्यावर फेटा.

ती घोडी सकाळपासून दोन वराती करून आली होती, हे आम्हांस नंतर कळले. प्रथम तिच्या मांड्या थरथरू लागल्या. मग मानेवर पांढरा फेस आला. पोरांनी सुतळी बॉम्ब लावला तशी ती दचकली, पाय घसरला आणि पुढच्या गुडघ्यांवर बसली. पुतण्याला कुणीतरी वरच्यावर झेलले. नवरदेव मात्र हातावर आपटला. मनगट मोडले.

सारे नवरदेवाकडे धावले, ते साहजिकच होते. पण गर्दीतून एक म्हातारा माणूस पुढे आला आणि त्याने आधी डीजे बंद करायला लावला. मग घोडीचा तंग सोडला, खोगीर उतरवले, तिला उठवून निंबाच्या सावलीत नेले आणि बादल्या मागवल्या. हे चाचा अमरावतीचे. बडनेरा स्टेशन ते राजकमल चौक असा टांगा त्यांनी अनेक वर्षे हाकलेला. पाणी ओतता ओतता ते आम्हांस म्हणाले, "बापू, नवरदेव पडला त त्याले डाक्टर हाय. घोडं पडलं त त्याले कोन हाय?"

त्या दिवशी लग्न लागले. नवरदेवाने प्लास्टर घातलेल्या हाताने हार घातला. घोडी तासाभराने सावरली. तिचा मालकही भर उन्हात उपाशीपोटी चालत आलेला, तोही भोवळ येऊन भिंतीला टेकला होता. पण चाचांचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. त्यानंतर आम्ही बडनेऱ्याला चाचांकडे दोनदा जाऊन आलो, जनावरांच्या डॉक्टरांशी बोललो, आणि जे शिकलो ते आपल्या कुटुंबांपुढे ठेवत आहोत.

चाळीसगावचा टांगा

घोड्याचा आणि आपल्या समाजाचा संबंध नुसत्या हौसेचा नाही. ज्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथन वाचले असेल, त्यांना चाळीसगावची घटना ठाऊक असेल. ऑक्टोबर १९२९ मध्ये सरकारी समितीचे सदस्य म्हणून चौकशीच्या कामावर असताना बाबासाहेब आपल्या शेजारच्या खानदेशात चाळीसगाव स्टेशनवर उतरले. तेथील आपल्या लोकांनी त्यांना वस्तीवर मुक्कामाला नेण्याचे ठरवले. पाहुण्याने पायी यावे हे त्यांना बरे वाटेना. पण अस्पृश्याचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मात्र तुमचा तुम्ही आणा.

आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक कडेच्या दगडाला अडले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत कोसळला. बाबासाहेबांचा पाय मोडला. ते कित्येक दिवस अंथरुणाला खिळून होते.

बाबासाहेबांनी या प्रसंगातून दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक म्हणजे, बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यालाही साधा टांगेवाला स्वतःहून खालचा समजत होता. दुसरी गोष्ट आपल्याच लोकांविषयी आहे, आणि तीही त्यांनी झाकली नाही. पाहुण्याच्या मानापेक्षा त्याच्या जिवाची सुरक्षितता मोठी, हे आपले लोक त्या घाईत विसरले.

ही दुसरी गोष्ट आम्हांस आज फार महत्त्वाची वाटते. घोड्यावरून वरात काढण्यासाठी आपल्या पोरांना आजही काही ठिकाणी मार खावा लागतो. उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावी २०१८ साली एका दलित नवरदेवाची वरात मोठ्या पोलीस बंदोबस्तात काढावी लागली. तेव्हा घोडीवर बसणे ही आपल्यासाठी क्षुल्लक बाब नाही. तो हक्क आहे, आणि तो सोडा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, मानासाठी घोडी आणली तर तिच्या जिवाची आणि वर बसणाऱ्याच्या हाडांची काळजीही आपणच घेतली पाहिजे. हक्क मिळाला की जबाबदारीही येते.

आपल्या लग्नाला मुहूर्त कुठे आहे?

सर्वात सोपी सुधारणा आधी सांगतो. आपल्या मंगल परिणयाला मुहूर्त लागत नाही. त्रिशरण-पंचशील सकाळी आठला घेतले काय आणि सायंकाळी सातला घेतले काय, फरक पडत नाही. मग अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हात दुपारी बाराला वरात काढण्याचे कारण काय? ज्यांना मुहूर्त गाठायचा असतो त्यांची अडचण आम्ही समजू शकतो. आपली तर तीही अडचण नाही.

याविषयी कायदाही बोलतो. प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली ओढकाम करणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली नियम केले गेले. त्यांनुसार जेथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर कामाला लावता येत नाही. दिवसाचे एकूण काम ९ तासांपेक्षा जास्त नको आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त नको. टांग्यात हाकणारा आणि ६ वर्षांखालील मुले सोडून चारपेक्षा अधिक माणसे नकोत. तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा जास्त ओझे नको. अणकुचीदार काठी, काटेरी लगाम यांना तर पूर्ण मनाई आहे. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ३७ च्या खाली क्वचितच असतो. हे नियम ओढणाऱ्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी लिहिले असले तरी वरातीच्या घोडीचे शरीर काही वेगळे नसते. तिलाही हाच न्याय लावला पाहिजे.

पाठीवरचे वजन

चाचांनी आम्हांस एक हिशेब शिकवला, आणि डॉक्टरांनीही तो बरोबर ठरवला. घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके ओझे तो पाठीवर नीट सांभाळू शकतो. घोडी ३२५ किलोची धरली तर तिच्या पाठीवर ६५ किलो झाले. आता नवरदेव ७० किलोचा, खोगीर आणि झूल १५ किलोची, पुढ्यात बसवलेला पुतण्या १५ किलोचा. झाले १०० किलो, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. तेही दोन-दोन तास एका जागी उभे राहून, नाचणाऱ्यांच्या गर्दीत.

म्हणून नवरदेव अंगाने भारी असेल तर मोठी, भरलेली घोडी सांगावी किंवा बग्गी पाहावी. पुढ्यात मूल बसवू नये. मुलाच्या पायाला आधार नसतो, आणि घोडी दचकली की आधी तेच पडते. वरातीचा रस्ता अर्ध्या तासाचा ठेवावा. चौकात नाचायला थांबायचेच असेल तर तेवढा वेळ नवरदेवाने खाली उतरून आपल्या बहिणींबरोबर नाचावे. त्यात कमीपणा कसला?

खोगीर ठेवण्याआधी पाठीवरून हात फिरवावा. घोडी अंग चोरत असेल, केस उडालेले असतील, जखम किंवा सूज असेल, तर त्या दिवशी ती घोडी नको असे सरळ सांगावे. खोगिराखालची गादी ओली किंवा खड्याकाट्यांची असली की पाठ सोलते. तंग इतकाच आवळावा की खाली दोन बोटे जावीत. काम झाल्यावर खोगीर काढून खरारा करावा, घाम पुसावा आणि पाठ वाळू द्यावी. खाऱ्या घामावर दुसऱ्या दिवशी खोगीर चढवले की जखम झालीच समजा.

पाणी, चारा आणि शूळ

घोड्याला दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात कामावर असलेल्या जनावराला त्याहूनही जास्त. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, अशी जुनी समजूत आहे. ती सोडली पाहिजे. थोड्या थोड्या वेळाने चार-पाच लिटर पाणी त्याला पिऊ द्यावे. त्याच वेळी सर्वांगावर पाणी ओतत राहावे आणि वारा लागेल असे सावलीत उभे करावे. घोड्याला माणसासारखाच घाम येतो, त्यातून मीठ जाते. म्हणून दावणीला खड्याचे मीठ चाटायला ठेवावे.

चाऱ्याचा नियमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. घोड्याचे धड मोठे, पण जठर लहान असते. जेमतेम ८ ते १५ लिटरचे. म्हणून त्याला थोडे थोडे, पण पुष्कळदा खायला लागते. कडबा, वाळले गवत, लसूणघास हा मुख्य आहार. हरभऱ्याची चंदी त्यावर जोड म्हणून द्यायची, आणि तीही एका वेळी एक-दीड किलोच्या वर नको. सणाच्या किंवा सुट्टीच्या दिवशी घोडा उभा असेल तर चंदी कमी करावी. पूर्ण चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी जुंपला की त्याचे मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात, लघवी गडद काळपट होते. अशा वेळी एक पाऊलही चालवू नये. आहे तेथेच उभे करून डॉक्टर बोलवावा.

बुरशी लागलेला कडबा पैसे वाचवण्यासाठी कधीही घालू नये. कोंबड्यांचे खाद्य तर घोड्याच्या तोंडाजवळ नेऊ नये. त्यात पुष्कळदा मोनेन्सीन नावाचे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते चालते, घोड्याचे हृदय मात्र निकामी करते.

घोड्याला उलटी करता येत नाही. म्हणून पोट बिघडले की त्याचा शूळ जीवघेणा ठरतो. वळून वळून पोटाकडे पाहणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, बसणे-उठणे, लोळणे, लीद बंद होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी बांबूच्या नळीने किंवा बाटलीने तेल पाजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती थांबवली पाहिजे. तेल श्वासनलिकेत उतरते आणि शुळाने वाचला असता तो घोडा न्यूमोनियाने जातो. खाणे बंद करावे, सावकाश फिरवावे आणि डॉक्टरला बोलवावे. अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, तिथे जनावरांवर उपचार होतात. फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी १९६२ हा फुकट क्रमांकही आहे.

घोडा निरोगी आहे की नाही हे मालकाला स्वतः पाहता येते. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि ताप ३७.५ ते ३८.५ अंश असतो. नाडी जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवले की लागते. हिरडी गुलाबी व ओली असावी. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तशीच उभी राहिली तर अंगातले पाणी आटले आहे. चाचांना आकडे ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "घोडं बोलत नाही बापू, पन सांगते सारं. आपन पाह्यलं पाह्यजे."

खूर आणि डांबर

खूर नखासारखा वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडे नेऊन खूर छाटून नाल बदलावी लागते. पूर्वी टांगे होते तेव्हा नालबंदही हाताशी होते. टांगे गेले आणि त्यांच्यामागे नालबंदही विरळ झाले. आता वरातीचा घोडा चार-चार महिने त्याच नालेवर चालतो. झिजलेली लोखंडी नाल गुळगुळीत डांबरावर घसरते. अकोल्याची ती घोडी त्यामुळेच घसरली होती. चाचांनी तिचा पाय उचलून आम्हांस दाखवला. नालेचा एक खिळा सुटलेला आणि खुराच्या खाचेत गिट्टी रुतलेली. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर चारही खूर साफ करायला पाच मिनिटे पुरतात.

हाकणाऱ्याचे आणि बसणाऱ्याचे शरीर

जनावराइतकेच माणसाचेही पाहिले पाहिजे. टांगा हाकणाऱ्यांच्या कमरेला दिवसभर हादरे बसत. चाचांची कंबर आज सरळ होत नाही. ते सांगतात की, टांग्यात सवाऱ्या कशा बसवल्या यावर घोड्याचे आणि हाकणाऱ्याचे दोघांचेही हाल ठरत. सारे मागे बसले तर दांड्या वर उचलल्या जातात आणि तंग पोटाला काचतो. सारे पुढे बसले तर भार घोड्याच्या पाठीवर येतो. आजही गाडी, बग्गी वा दमणी हाकणाऱ्याने हा तोल पाहावा, बसायला जाड गादी घ्यावी, दर तासाला उतरून कंबर मोकळी करावी. वाटेत लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिणे ही सवय फार वाईट. मूतखडा आणि उष्माघात दोन्ही तिथून येतात. घोडीला बादली मागवाल तेव्हा तिच्या मालकालाही तांब्याभर पाणी, मीठ-साखर आणि दोन घास विचारा. तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला आहे.

नवरदेवाने रिकिबीत पायाचा पुढचा भागच ठेवावा, टाच खाली दाबावी. पूर्ण पाऊल आत घातले आणि पडला तर पाय अडकून फरफट होते. पाठ ताठ, पण अंग सैल ठेवावे. लगाम ओढून धरू नये. घोड्याच्या तोंडातले कडियाळे जिभेवर आणि नाजूक हिरडीवर टेकलेले असते. घोड्याला दोन्ही बाजूंचे जवळजवळ सारे दिसते, पण थेट मागचे दिसत नाही. म्हणून पोरांनी मागून जाऊन शेपटीला हात लावू नये. कपाळावर लाथ बसली तर दवाखान्यापर्यंतही वेळ मिळत नाही. डीजेची गाडी निदान पन्नास पावले पुढे ठेवावी. फटाके घोडीजवळ नकोच.

आणखी दोन गोष्टी आरोग्याच्या. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो आणि त्याच्या लिदीत व गोठ्यातल्या मातीत त्याचे जंतू असतात. म्हणून घोड्याला लस द्यावी, आणि गोठ्यात काम करताना जखम झाली तर माणसानेही इंजेक्शन चुकवू नये. दुसरा रोग ग्लँडर्स. नाकातून घट्ट स्राव, अंगावर फुटणाऱ्या गाठी, ताप ही त्याची लक्षणे. हा रोग माणसालाही होतो आणि जीव घेऊ शकतो. कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. रोगी घोड्याला मारावे लागते, म्हणून गरीब मालक लपवतो. पण अशा घोड्यासाठी नुकसानभरपाईची तरतूद आहे. लपवून आपलीच लेकरे धोक्यात घालू नयेत.

केसीला विचारलेला प्रश्न

अंगुत्तर निकायात केसी नावाच्या घोडे शिकवणाऱ्याची गोष्ट आहे. तो बुद्धांकडे येतो तेव्हा बुद्ध त्याला आधी त्याच्या कामाविषयी विचारतात, की तू घोड्याला कसा शिकवतोस? केसी सांगतो, कधी मऊपणाने, कधी कठोरपणाने, कधी दोन्हींनी. मग त्याच्याच उत्तराचा धागा धरून बुद्ध त्याला आपली शिकवण समजावून देतात. घोडे शिकवणाऱ्याचे ज्ञान बुद्धांना कमी वाटले नाही, हे आम्हांस त्यात मोठे वाटते. चाळीसगावच्या त्या पुलावर हेच ज्ञान आपल्या लोकांच्या हाती नव्हते, कारण ते त्यांच्या हाती येऊच दिले गेले नव्हते. आज ते शिकायला कुणाची परवानगी लागत नाही.

गेल्या दिवाळीनंतर आमच्याच पुतणीचे लग्न अमरावतीला झाले. वरात सायंकाळी सहाला निघाली. घोडीची पाठ आणि खूर नवरदेवाच्या वडिलांनी स्वतः पाहिले. पुढ्यात मूल नव्हते. वीस मिनिटांत वरात दारात आली. घोडीला पाणी पाजले, मालक पंगतीला बसला. चाचाही आले होते. त्यांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला, घाम आहे का पाहिले आणि म्हणाले, "हाव, आता बराबर हाय."

तुमच्या घरी येत्या हंगामात लग्न असेल तर पत्रिका छापण्याआधी वरातीची वेळ बदला. एवढे तरी प्रत्येक कुटुंबाला करता येईल.